पापलेटचं हिरवं कालवण दर वेळी बिघडतंय? आधी हे तपासा

हिरवं कालवण बिघडलं की बहुतेक जण कृती बदलतात. कोणी मिरच्या कमी करतं, कोणी खोबरं वाढवतं, कोणी पापलेट सोडून रावस आणतं, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच होतं. नात्यात, शेजारात हे कालवण दुरुस्त करून द्यायची वेळ माझ्यावर इतक्यांदा आली आहे की आता टोपावरचं झाकण काढलं की कुठे बिनसलंय ते सहसा लगेच कळतं. साहित्य बहुधा ठीक असतं. गडबड असते ती काय आधी पडलं आणि काय नंतर पडलं यात. रस्सा पूर्ण तयार झाल्यावर मासा, आणि मासा शिजल्यावर आंबट. हा क्रम सांभाळला की बऱ्याचशा तक्रारी आपोआप मिटतात. उरलेल्यांसाठी खालची तपासणी.

लक्षणं

तुमच्या टोपात यातलं काय दिसतंय ते आधी ठरवा. एकापेक्षा जास्त असू शकतं.

- तुकड्या मोडतात, पळी घातली की काटे एकीकडे आणि मास दुसरीकडे.
- मासा अख्खा राहतो, पण खाताना कोरडा, भुसभुशीत लागतो.
- मासा घालण्याआधी रस्सा दाट होता, पाच मिनिटांत पाणी झालं.
- रंग हिरवा राहत नाही. शेवाळी, मग खाकी, मग तपकिरी.
- रस्सा फुटतो, वर पाणी आणि खाली खोबऱ्याचे कण.
- चव कडू.
- माशाचा उग्र वास वाटणाच्याही वर येतो.

तुलनेसाठी मी धरलेलं प्रमाण असं: अर्धा किलो पापलेट, बोटभर जाडीच्या आडव्या तुकड्या, निवडलेली कोथिंबीर दोन मुठी, कोवळ्या देठांसकट, ४-५ हिरव्या मिरच्या, ७-८ लसूण पाकळ्या, इंचभर आलं, अर्धा चमचा जिरं, पाऊण वाटी ओलं खोबरं, एक चमचा भिजवलेले तांदूळ, ४-५ कोकमं, दोन चमचे तेल. तुमच्या घरची कृती वेगळी असेल तर ती तशीच ठेवा. खालच्या तपासण्या कोणत्याही हिरव्या रश्श्याला लागू पडतात.

१. आच आणि झाकण (खर्च काही नाही)

सगळ्यात आधी हेच पाहा, कारण यासाठी काही विकत आणावं लागत नाही.

मटण शिजायला तास लागतो, कारण त्यातली जोडऊती, म्हणजे मासाचे धागे एकत्र बांधून ठेवणारा भाग, चिवट असते. माशाची तशी नसते. ती फार कमी उष्णतेला विरघळते आणि मासाचे पापुद्रे एकमेकांपासून सुटायला लागतात. माशाचा आतला भाग ६० ते ६३ अंश सेल्सिअसला पोचला की तो शिजलेला असतो. खदखदणारा रस्सा असतो जवळजवळ १०० अंशांवर. म्हणजे जोरात उकळी चालू ठेवली तर मासा शिजून झाल्यावरही त्याच्यावर मारा चालूच राहतो, आणि वरून बुडबुड्यांचे धक्के. तुकडी मोडते ती यामुळे. कोरडी होते तीही यामुळेच.

मासा पडल्यावर रश्श्याच्या कडेला बारीक बुडबुडे यावेत, मधला भाग फक्त थरथरावा. बोटभर जाडीच्या तुकड्यांना अशा आचेवर ५-६ मिनिटं पुरतात. मग गॅस बंद करून पाच मिनिटं तसंच ठेवायचं. रश्श्याच्या उष्णतेवर आतलं उरलेलं शिजतं. शिजलं का, हे पाहायला पळी घालू नका. मधल्या काट्यापाशी टूथपिक टोचा. काट्याला लागून असलेलं मास काचेसारखं अर्धपारदर्शक दिसत असेल तर अजून दोन मिनिटं. दुधासारखं पांढरं झालं असेल आणि काट्यापासून सहज सुटत असेल तर लगेच बंद.

झाकणाचं कारण रंगाशी आहे. कोथिंबिरीत मुळातच थोडी आम्लं असतात. ती वाफेबरोबर उडून जातात, पण झाकण असेल तर थेंब होऊन परत रश्श्यात पडतात आणि हिरवा रंग खातात. म्हणून कोथिंबीर पडल्यावर झाकण नको. फारच वाटलं तर अर्धवट ठेवा.

ढवळायचं नाही, हे तर सगळ्यांना माहीत असतं आणि तरी हात जातोच. टोप दोन्ही कानांना फडक्याने धरा आणि चुलीवरच हलके गोल फिरवा. रस्सा तुकड्यांवरून फिरतो, तुकड्या जागच्या जागी राहतात. यासाठी टोप पसरट हवा, तुकड्या एका थरात मावतील असा. उंच, अरुंद पातेल्यात एकावर एक रचलेल्या तुकड्या हमखास तुटतात. खालच्या जास्त शिजतात, वरच्या कच्च्या राहतात, आणि त्या उलट्या करायला पळी घालावीच लागते.

२. आंबट कधी पडलं?

रंग खाकी होत असेल किंवा रस्सा फुटत असेल तर इथेच थांबून नीट आठवा.

पानांतल्या हिरव्या रंगद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियमचा अणू असतो. उष्णता आणि आंबट एकत्र आले की तो निघून जातो आणि रंग शेवाळी होतो. गेलेला रंग परत आणता येत नाही. लिंबू, कोकम, चिंच, कैरी, दही, टोमॅटो, सगळ्यांचा परिणाम तोच; फक्त वेग कमीजास्त. त्यामुळे वाटणात लिंबू पिळून वाटणं बंद करा. कोकमं गॅस बंद करण्याच्या मिनिटभर आधी टाका, किंवा बंद केल्यावर टाकून पाच मिनिटं मुरू द्या. आगळ, म्हणजे कोकमाचा रस, वापरत असाल तर चमचा-दीड चमचा अगदी शेवटी. त्याचा लालसर रंग हिरव्यात मिसळून रस्सा मळकट दिसतो, म्हणून हिरव्या कालवणाला मला लिंबूच जास्त पटतं. तेही ताटात वाढताना पिळलेलं.

काही जण रंगासाठी चिमूटभर सोडा घालतात. रंग राहतो, हे खरं. पण पानं गिळगिळीत होतात आणि रश्श्याला साबणासारखी चव येते. इतक्या महाग माशावर हा प्रयोग करू नका.

आंबटाचा दुसरा त्रास माशाला होतो. पापलेटला लिंबू चोळून तासभर ठेवलं की वरचा थर आचेशिवायच शिजल्यासारखा पांढरा पडतो. मग रश्श्यात गेल्यावर तो खडूसारखा भुसभुशीत होतो. वास घालवायला लिंबू लावायचंच असेल तर दहा मिनिटं आणि मग धुऊन टाका.

३. पाणी कुठून येतंय?

"मासा घालेपर्यंत छान होतं हो, नंतर पाणीच झालं." ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकते. मासा शिजताना पाणी सोडतो, सोडणारच. ते धरून रस्सा आधीपासून दाट ठेवावा लागतो. जेवताना जितका दाट हवा त्यापेक्षा थोडा अधिक. पळी रश्श्यात बुडवून बाहेर काढा, तिच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघेच्या दोन्ही कडा जागेवर राहिल्या तर मासा घालायला हरकत नाही. कडा लगेच ओघळून एकत्र आल्या तर अजून आटवा.

दुसरं, मिठाचं. धुतलेल्या तुकड्यांना एक सपाट चमचा मीठ आणि चिमूटभर हळद लावून पंधरा-वीस मिनिटं चाळणीत ठेवा, खाली ताटली. मीठ वरच्या थरातलं पाणी ओढून घेतं आणि तो थर घट्ट होतो, त्यामुळे तुकडी टोपात आकार धरून ठेवते. ताटलीत साचलेलं पाणी ओतून द्या. त्यात वास असतो. तेच पाणी "चव आहे त्यात" म्हणून रश्श्यात ओतणारी घरं मी पाहिली आहेत, आणि वासाची तक्रारही त्याच घरांतून येते. मीठ माशात गेलेलं असल्यामुळे रश्श्यात बेताचं घाला.

मिक्सरचं भांडं विसळलेलं पाणी हाही एक चोर आहे. अर्ध्या वाटीने विसळा, दोन वाट्यांनी नको.

रस्सा आत्ता, या क्षणी पातळ झालेला असेल तर उकळून आटवायला जाऊ नका, मासा संपेल. तुकड्या झाऱ्याने अलगद काढून ताटात ठेवा, रस्सा एकटा मोठ्या आचेवर आटवा, मग तुकड्यांवर ओता. चमचाभर तांदळाचं पीठ थोड्या पाण्यात कालवून घातलं तरी चालतं, पण पीठ घातल्यावर दोन मिनिटं उकळी हवी, नाहीतर कच्चट लागतं.

४. तुकड्यांची जाडी

डोक्याचा भाग जाड, शेपटीकडचा पातळ. सगळं एकदम टाकलं की डोकं कच्चं राहतं किंवा शेपटी मोडते. डोकं आणि मधल्या तुकड्या आधी घाला, शेपटी दोन मिनिटांनी.

कापून घेताना मावशींना "कालवणाला, जाड तुकड्या" असं स्पष्ट सांगा, नाहीतर तळायच्या मापाने पातळ कापलं जातं. कातडी काढू देऊ नका. पापलेटची कातडी पातळ असते, खाताना लागत नाही, आणि तुकडीला बांधून ठेवायचं काम तीच करते. मधला काटाही राहू द्या. बिनकाट्याच्या, बिनकातडीच्या फिलेला धरून ठेवणारं काहीच उरत नाही.

५. वाटण

इथे जरा वेळ द्या, कारण रंग आणि चव दोन्ही इथे ठरतात.

अडचण अशी आहे की लसूण, आलं आणि खोबरं यांना परतायला वेळ हवा, आणि कोथिंबिरीला तो सोसत नाही. सगळं एकत्र वाटलं की दोघांपैकी एकावर अन्याय होतो. कमी परतलं तर कच्च्या लसणाचा उग्रपणा राहतो, नीट परतलं तर रंग जातो. उपाय सोपा आहे: दोन वाटणं करा. पहिल्यात खोबरं, लसूण, आलं, मिरची, जिरं आणि भिजवलेले तांदूळ. हे तेलात मंद आचेवर परतायचं, कच्चा वास जाऊन कडेला तेल दिसेपर्यंत. मग पाणी घालून उकळी, दाटपणाची तपासणी, मग मासा. दुसऱ्यात फक्त कोथिंबीर, बर्फाच्या पाण्यात वाटलेली. ती मासा पडून तीन-चार मिनिटं झाल्यावर घालायची. तिला दोन मिनिटांची उष्णता पुरते.

ज्या घरात मी हा एवढा एक बदल करवला, तिथे रंगाची तक्रार पुन्हा आली नाही.

बर्फाचं पाणी का? मिक्सर बराच वेळ फिरला की भांडं गरम होतं आणि कोथिंबीर टोपात पडण्याआधीच करपट, गवताळ वासाची होते. खोबऱ्याचंही तेच: गरम भांड्यात तेल सुटतं आणि रश्श्यात गोळे धरतात. थांबून-थांबून फिरवा, मध्ये भांड्याला हात लावून पाहा. पाती बोथट झाली असतील तर वाटायला दुप्पट वेळ लागतो आणि भांडं तापतं. पाती बदलून मिळतात, मिक्सर बदलावा लागत नाही.

अधिक हिरवा रंग हवा असेल तर कोथिंबीर उकळत्या पाण्यात पंधरा-वीस सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका आणि मग वाटा. पानांतले रंग बिघडवणारे विकर (एन्झाइम) उष्णतेने निकामी होतात. पुदिना घालत असाल तर कोथिंबिरीच्या पावपट, त्याहून जास्त नको. जास्त झाला आणि जास्त वाटला गेला की कडवट होतो. हळद रश्श्यात वेगळी घालू नका, माशाला लावलेली पुरते.

६. कडूपणा

क्रमाने चाखत जा. आधी खोबरं, एक कण तोंडात टाका. खवट असेल तर पुढे काही तपासायची गरज नाही. मग लसूण, जुन्या पाकळीतला हिरवा कोंब काढून टाका, आणि लसूण तपकिरी होईपर्यंत तळू नका. मग कोथिंबीर, पिवळी पडलेली पानं आणि फुलोऱ्यावर आलेली जुडी नको.

तिरफळ घालणारी घरं असतील, त्यांनी आतली काळी बी काढली आहे ना ते पाहावं. माझं मत विचाराल तर तिरफळ बांगड्याला, तारलीला. पापलेटची चव त्याच्यापुढे टिकत नाही.

हे सगळं ठीक असूनही कडू लागत असेल तर साफ करताना माशाचं पित्त फुटलं आहे. पोटाच्या पोकळीत यकृताला चिकटलेली छोटी हिरवट पिशवी असते. ती फुटली की आजूबाजूच्या मासावर पिवळट-हिरवा डाग पडतो. तुकड्या शिजवण्याआधी पोटाच्या कडा उजेडात धरून पाहा. डाग असलेला भाग सुरीने कापून काढा, नुसता धुऊन जात नाही. शिजल्यावर कडूपणा रश्श्यात उतरतो, मग त्यावर इलाज नाही. साखर घालून फक्त गोड-कडू होतं.

७. रस्सा फुटणं

खोबरं वाटून घालत असाल तर त्यातले तांदूळ रश्श्याला बांधून ठेवतात. ते वगळले असतील तर परत सुरू करा. नारळाचं दूध वापरत असाल तर पहिला दाट रस आणि दुसरा पातळ रस वेगळे ठेवा. वाटण आणि मासा पातळ रसात शिजवा, दाट रस शेवटी मंद आचेवर घाला आणि उकळी येऊ देऊ नका. नारळाच्या दुधात तेलाचे सूक्ष्म थेंब प्रथिनांच्या आधाराने पाण्यात तरंगत असतात. उकळी आणि आंबट दोन्ही तो आधार मोडतात. म्हणूनच लिंबू दाट रसाच्याही नंतर.

फुटलेला रस्सा चवीला वाईट नसतो. तुकड्या काढून ठेवल्या, रस्सा थोडा निवला की तांदळाच्या पिठाबरोबर मिक्सरमधून एकदा फिरवला आणि पुन्हा उकळून घेतला, की बराच सुधारतो.

परदेशातल्यांसाठी: डब्यातल्या नारळाच्या दुधात बहुतेक वेळा गवार गम किंवा तसलं काही घातलेलं असतं, त्यामुळे ते सहसा फुटत नाही. तुमची अडचण बहुधा मासा हीच असते. कॉड आणि हॅडॉकचे पापुद्रे मोठे आणि सैल असतात, पापलेटपेक्षा लवकर सुटतात. त्यांना मीठ अर्धा तास लावा, कातडीसकट तुकडे घ्या आणि टोप जागचा हलवूसुद्धा नका.

८. भांडं

लोखंडी कढईत हिरवं वाटण काळपट पडतं. कल्हई नसलेलं पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम आंबटाला चालत नाही. जाड बुडाचा स्टीलचा पसरट टोप किंवा मातीचं भांडं उत्तम. मातीचं असेल तर गॅस दोन मिनिटं लवकर बंद करा, ते बराच वेळ तापलेलं राहतं.

९. मासाच तसा असेल तर

वरचं सगळं जमूनही वास किंवा चुरा होत असेल तर बाजारात परत जावं लागेल. ही तपासणी महाग आहे, म्हणून शेवटी ठेवली.

ताज्या पापलेटचे कल्ले लाल, डोळे फुगीर आणि चकचकीत, अंगावर चांदीची झाक, बोटाने दाबलं तर खड्डा लगेच भरून येतो. बाजारात आणखी एक खूण सांगतात: कल्ल्याजवळ दाबून पाहा, पांढरं पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर शिळं. ही खूण इतर खुणांच्या जोडीने वापरा, एकटी नको.

मोसम पाहा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. त्या दिवसांत "ताजं" म्हणून समोर आलेलं मोठं पापलेट बहुधा बर्फातलं असतं. बर्फातलं असणं हा दोष नाही. पण ते कसं वितळवलं यावर सगळं अवलंबून आहे. ओट्यावर उन्हात किंवा गरम पाण्यात वितळवलं की बर्फाच्या कणांनी आधीच फाटलेल्या पेशींतून पाणी भसाभस बाहेर येतं आणि तुकडी स्पंजासारखी पोकळ राहते. रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, चाळणीवर ठेवा. घाई असेल तर पिशवीत घट्ट बांधून गार पाण्यात. वितळलेला मासा परत गोठवू नका.

बासाचे गोठवलेले फिले स्वस्त म्हणून आणले जातात. त्यांतल्या बऱ्याच पाकिटांत वजन आणि ओलावा टिकवण्यासाठी फॉस्फेटचं पाणी मुरवलेलं असतं. ते टोपात पडल्यावर बाहेर येतं. पाकिटावरचे घटक वाचा. अशा फिलेचं हिरवं कालवण करण्यापेक्षा वाटण लावून तव्यावर भाजा, रस्सा वेगळा वाढा. पांढऱ्या माशांत पापलेटला पर्याय म्हणून रावस, घोळ किंवा रायगडकडचा जिताडा घ्या. तिन्हींचं मास घट्ट असतं. बोंबील मात्र नको, त्याच्या अंगातच इतकं पाणी असतं की त्याच्यासाठी कालवणाचा हिशोबच वेगळा मांडावा लागतो.

आणि लहान पापलेट घेऊ नका. तळहाताएवढ्या पिल्लाच्या तुकड्या इतक्या पातळ होतात की तीन मिनिटांत त्यांचा चुरा होतो, कालवणाचा काही उपयोग होत नाही. त्याहून मोठं कारण समुद्रातलं आहे. वाढ होण्याआधीच पकडली गेल्यामुळे पापलेटचा साठा घटत गेला. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा जाहीर केलं, त्यामागे हीच काळजी होती, आणि पालघरच्या सातपाटीचे कोळी बांधव हे कितीतरी आधीपासून सांगत होते. मोठं परवडत नसेल त्या आठवड्यात दुसरा मासा आणा.

वास राहत असेल तर पाठीच्या काट्याला चिकटलेली रक्ताची गडद रेघ पाहा. ती अंगठ्याच्या नखाने वाहत्या पाण्याखाली खरवडून काढा. पोटातला काळा पापुद्राही काढा. समुद्रातल्या माशाच्या अंगात असलेल्या एका संयुगापासून तो शिळा होत जाताना वासाचा वायू बनतो. रक्त आणि आतड्याचे अवशेष राहिले की ही क्रिया जोरात होते.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

*गॅसवाला.* बारीक आच केली तरी उकळी थांबत नसेल तर आधी छोट्या बर्नरवर टोप हलवा, किंवा खाली जुना तवा ठेवा. ज्योत पिवळी येत असेल, टोपाचं बूड काळं होत असेल किंवा ज्योत उड्या मारत असेल तर बर्नर गार झाल्यावर काढून धुवा, भोकं सुईने मोकळी करा, पूर्ण वाळवून बसवा. तरीही तसंच असेल तर पुढे काही उघडू नका. शेगडीची नॉब, जेट, रेग्युलेटर ही घरी खोलायची कामं नाहीत. एजन्सीचा माणूस बोलवा. नारंगी नळीला पाच वर्षं होऊन गेली असतील तर ती त्याच फेरीत बदलून घ्या. गॅसचा वास येत असेल तर कुठलाही दिवा किंवा पंखा चालू-बंद न करता रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ ला फोन करा.

*मिक्सरवाला.* भांड्याखालून काळं तेल येत असेल, फिरताना जळका वास येत असेल, किंवा भांडं घट्ट बसत नसेल तर वाटण तिथेच थांबवा. त्या भांड्यातलं वाटण टाकून द्या, कारण ते तेल वाटणात उतरलेलं असू शकतं.

*कालवण टाकून द्यायची वेळ.* कच्च्या माशाला अमोनियासारखा झोंबणारा वास येत असेल, वर चिकट बुळबुळीत थर असेल, किंवा बोटाने पडलेला खड्डा तसाच राहत असेल तर कुठलंही वाटण त्याला वाचवू शकत नाही. पैसे गेले तरी टाका. लहान मुलं, गरोदर बाई आणि वयस्कर माणसं जेवायला असतील तर शंकेचा मासाही नको.

*डॉक्टर.* घशात काटा अडकला तर भाताचा गोळा किंवा केळं गिळून तो ढकलायचा सल्ला घरोघरी दिला जातो. तसं करू नका. काटा आणखी खोल रुततो. बोटं घालून काढायचाही प्रयत्न नको. हलकं खोकून आणि गुळण्या करून निघाला नाही, टोचणं चालूच राहिलं, तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. लाळ गिळता येत नसेल, रक्त येत असेल किंवा श्वासाला त्रास होत असेल तर थेट इस्पितळात. मासे खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल होणं, अंगाला खाज, ओठ सुजणं, धडधडणं असं काही झालं तरीही थांबू नका. ही अ‍ॅलर्जी असू शकते, किंवा नीट गार न ठेवलेल्या बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) अशा माशांत तयार होणाऱ्या हिस्टामिनचा त्रास. हिस्टामिन शिजवल्याने नष्ट होत नाही. कुठला मासा, किती वाजता खाल्ला, कुठून आणला हे डॉक्टरांना सांगा, आणि उरलेलं कालवण त्या दिवशी घरात कुणालाही वाढू नका.